नाक्यावरून सुटलेलं कार्ड

आमच्या फ्रँकफर्टच्या मंडळात माझ्याबद्दल एक समज पक्का आहे, की मी पोस्टात आहे. गणपतीची आरती झाली, की प्रसादाची वाटी हातात घेऊन कुणीतरी हळूच बाजूला येतं. "काकू, पुण्याहून आईनं पाठवलेलं पार्सल कस्टममध्ये अडकलंय. जरा बघता का?" पहिली दोन वर्षं मी खरं सांगत असे. मग कंटाळले. आता म्हणते, "नंबर पाठवून ठेवा, बघते." आठवड्याभरात पार्सल आपलं आपण सुटतं आणि मला चकलीचा डबा मिळतो. हा लेख छापून आला, की चकल्या बंद. पण आमच्या दिवाळी अंकाची संपादिका नेहा ऐकेना. ती शेजारच्या एश्बॉर्नला मोठ्या कंपनीत आहे, तिच्या हाताखाली सतरा माणसं आहेत, आणि मी अठरावी असल्यासारखी ती मला दर सोमवारी मेसेज करते : "काकू, किती झालं?"

तर झालं ते असं. मी सुनंदा गवस. बांद्याजवळच्या एका वाडीतली. शिक्षण सातवी, तेही परीक्षेला न बसता. पुढची शाळा लांब होती आणि घरात काजूबिया फोडायला हात हवे होते. यजमानांना फ्रँकफर्टच्या एका हॉटेलात स्वयंपाक्याची नोकरी लागली म्हणून मी इथं आले. या अंकात बाकी सगळे लेख शिकल्यासवरल्यांचे असणार. शुद्धलेखन नेहानं तपासायचं ठरलंय. चूक राहिली तर ती तिची.

मी काम करते ती लिलावाची पेढी आहे. जुनी टपालतिकिटं, पाकिटं, कार्डं यांचा लिलाव. बोकनहाइम भागात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मालक हेर वेंडेल, वय एकाहत्तर, उंच, वाकलेले, कायम एकच तपकिरी कोट. मी तिथं साफसफाईला लागले. मुलाखतीत मी घाबरत म्हटलं होतं, "माझ्याकडे कसलंच सर्टिफिकेट नाही." या देशात फरशी पुसायलाही लोक कागद मागतात. हेर वेंडेल म्हणाले, "फरशीकडेही नाही." आणि झाडू हातात दिला. त्या एका वाक्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

एके दिवशी कचऱ्याची टोपली रिकामी करताना वर एक कार्ड दिसलं, मराठी अक्षरातलं. झाडू भिंतीला टेकवून मी उभ्या उभ्या वाचायला लागले. मागून आवाज आला, "हे तुम्हाला वाचता येतं?"

"जा." जर्मनमध्ये जा म्हणजे हो.

"काय लिहिलंय?"

लिहिलं होतं, म्हैस व्याली, रेडकू झालं, चीक पाठवत आहे. व्याली याला जर्मन शब्द येईना. मी म्हटलं, "म्हैस. बेबी. सगळे खूश." हेर वेंडेलनी ते कार्ड टोपलीतून उचललं, झटकलं आणि टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी टेबलाशेजारी एक खुर्चीही ठेवली.

आता बाहेरच्यांसाठी हा धंदा थोडक्यात सांगते. सगळ्यात खालची पायरी म्हणजे किलोवारं. पोत्यानं आलेली, कागदाला चिकटलेली तिकिटं. ती कोमट पाण्यात सोडायची, डिंक सुटला की चिमट्यानं अलगद उचलून टिपकागदावर वाळवायची. काजूचा गर न मोडता काढलेल्या बोटांना हे काम जमणारच. पण एक नियम : तिकीट पाकिटावर असेल तर पाकीट पाण्यात घालायचं नाही, मेलं तरी नाही. सुटं तिकीट हे पोरकं असतं. कुठून निघालं, कुठं पोचलं, वाटेत कुणी अडवलं, हे सगळं पाकीट सांगतं आणि लोक त्याचीच बोली लावतात. दुसरा नियम वर्णनाचा. हेर वेंडेल म्हणायचे, "जे दिसतं तेच लिहायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही." हा दुसरा नियमच पुढे माझ्या अंगाशी आला.

आमच्याकडे एक हिरवं कपाट आहे, त्याला हेर वेंडेल म्हणतात, 'रद्द झालेले देश'. गोरे साहेब ज्या ज्या मुलखातून गेले त्यांचं टपाल त्यात आहे. साहेब जायचा, झेंडा बदलायचा, पण नवी तिकिटं छापून यायला वेळ लागायचा. मग जुन्याच तिकिटांवर नव्या देशाचं नाव काळ्या शाईत ठोकून द्यायचे, थेट राणीच्या गालावर. काही ठिकाणी तर तिच्या डोळ्यावर. साम्राज्य कसं बुडालं ते मला इतिहासाच्या पुस्तकात वाचायला मिळालं नाही, चिमट्यात धरून मात्र रोज बघायला मिळालं.

त्याच कपाटात मला सँक्शन हा शब्द भेटला. आमच्या गावात याला वाळीत टाकणं म्हणत. वाळीत टाकलेल्या घराला कुणी विस्तव देत नसे, न्हावी येत नसे, लग्नाला बोलावणं नसे. देशादेशांतही तेच, फक्त ठराव इंग्रजीत होतो. आणि गावात जे चालायचं तेच तिथंही चालतं : पुढच्या दारानं बहिष्कार आणि मागच्या दारानं विरजण.

या कपाटाचे एक खास गिऱ्हाईक म्हणजे ऱ्होडेशियावाले आजोबा. गोरे, लाल नाकाचे, ड्युसेलडॉर्फहून प्रत्येक लिलावाला येणार. ज्या देशात ते जन्मले तो आता त्या नावानं नकाशात नाही. तिथल्या मूठभर गोऱ्यांना काळ्या लोकांच्या हाती राज्य द्यायचं नव्हतं, म्हणून त्यांनी परस्पर आपलं आपणच स्वातंत्र्य जाहीर केलं. जगानं त्यांना वाळीत टाकलं. ब्रिटननं तर त्यांनी छापलेलं स्वातंत्र्याचं तिकीटच मानलं नाही. पत्र पोचवायचे, पण तिकीट लावलंच नाही असं धरून घेणाऱ्याकडून दंड घ्यायचे. असली दंडवाली पाकिटं आजोबा शोधत असतात.

एकदा मी चहा नेऊन दिला तेव्हा ते उसासा टाकून म्हणाले, "फ्राऊ गवस, सगळं जग तुमचा कागद हातात घेतं आणि म्हणतं, हा चालणार नाही. काय वाटतं याची तुम्हाला कल्पना नाही."

"आहे की," मी म्हटलं. "मी चार वेळा परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन आले आहे."

ते इतके हसले, की त्यांना चहाचा ठसका लागला. माणूस वाईट नाही. पण त्यांच्या देशाची सगळी हकिगत हेर वेंडेलकडून कळल्यावर पुढच्या खेपेला मी त्यांच्या चहात साखर अर्धीच घातली. माझ्या बाजूनं तेवढंच सँक्शन. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. सँक्शनचं बहुतेक वेळा असंच होतं.

आता मुख्य गोष्ट. यंदाच्या उन्हाळ्यातली.

ड्युसेलडॉर्फच्या एका वारलेल्या इंजिनिअरच्या घरातून आमच्याकडे खोका आला. खाणीच्या कामासाठी तो बरीच वर्षं गोव्याच्या बाजूला ये-जा करत होता आणि रद्दीवाल्यांकडून दिसेल तो जुना कागद विकत घेत होता. आमच्याकडे जुन्या मालाचे पारखी येतात डॉक्टर फिंक. त्यांच्या सहीशिवाय कुणी महागाचं पाकीट घेत नाही. चेहरा इस्त्री केलेला, बो-टाय, खिशात तीन भिंगं. त्यांनी खोका चाळला आणि एक पोस्टकार्ड दोन बोटांनी माझ्या किलोवाऱ्याच्या ढिगात टाकलं. "साधं भारतीय कार्ड. एके फेल्ट." म्हणजे कोपरा नाही. सदोष माल.

मी कार्ड उचललं आणि कोपऱ्यावरून बोट फिरवलं. कोपरा झिजलेला नव्हता, फाडलेला होता. वर श्री नव्हता. मायना नव्हता, नमस्कार नव्हता. ज्यांना आपल्याकडची पद्धत आठवते त्यांना कळलं असेल. कुणी गेल्याचं पत्र पाठवायचं तर कोपरा फाडून पाठवत, म्हणजे घेणाऱ्याला वाचायच्या आधीच कळावं. असलं पत्र उंबऱ्याबाहेर वाचायचं, लगेच फाडून टाकायचं आणि आंघोळ करूनच घरात शिरायचं. घरात ठेवायचं नाही. म्हणूनच असं कार्ड शिल्लक राहतच नाही. माझ्या हातात ते होतं.

मजकूर एवढाच :

'मु. पेडणे. शके १८७९, आश्विन वद्य ५. आई काल पहाटे गेली. तू येऊ नको. नाक्यावर बायकांनाही अडवतात. तिथेच आंघोळ कर. दिवस इथे होतील. बाबी.'

पत्ता बांद्याच्या कुणा रुक्मिणीचा.

पेडणे म्हणजे गोवा. बांद्याहून चालत जाण्याइतकं. तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे होता. ते जाईनात, म्हणून आपल्या सरकारनं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली : रस्ता बंद, रेल्वे बंद, भाजीपाला बंद. मी तेव्हा जन्मलेले नव्हते, पण आमच्या वाडीत या गोष्टी आईच्या पिढीच्या तोंडात होत्या. दोन्ही बाजूंचे शिपाई, मध्ये एकाच नात्यागोत्याची माणसं. आणि इथं पेडण्याच्या भावानं लिहिलेल्या मजकुराला कार्ड भारताचं, वर पुसटसा शिक्का बांद्याच्या पोस्टाचा. म्हणजे कुणीतरी कोरं कार्ड चोरून तिकडे नेलं, लिहून झाल्यावर चोरूनच इकडे आणलं आणि बांद्याच्या पेटीत टाकलं. दोन सरकारांच्या डोळ्यांत धूळ टाकून आलेलं कार्ड.

मी हेर वेंडेलना सांगितलं. त्यांचे डोळे चकाकले. एका डोळ्यावर पट्टी होती, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून एकच चकाकला. "फ्राऊ गवस, याचं वर्णन तुम्ही लिहा. कॅटलॉगमध्ये तुमचं नाव घालतो. आणि हा लिलाव नीट पार पडला, तर तुमची या टेबलावर कायमची नेमणूक." माझा करार जूनअखेर संपत होता. यजमानांचे गुडघे गेल्यामुळे त्यांनी भट्टीसमोरचं काम सोडलं होतं. कायमची हा शब्द ऐकून मी आधी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

वर्णन लिहायला तीन दिवस लागले. जे दिसतं तेच लिहायचं, पदरचं काही नाही. कार्डावर १८७९ दिसत होतं. मी लिहिलं, 'गोवा, १८७९. नाकेबंदी चुकवून आलेलं कार्ड. कोपरा मुद्दाम फाडलेला.' हेर वेंडेलनी एका डोळ्यानं वाचलं आणि छापायला दिलं.

कॅटलॉग बाराशे घरी गेला. मी मंडळातही चार जणींना दाखवला, आणि चौघींनी 'काकू, ग्रेट!' म्हटलं. एकीलाही काही खटकलं नाही, आणि त्यातल्या दोघी इंजिनिअर आहेत.

सोमवारी डॉक्टर फिंकचा फोन आला. हेर वेंडेलनी स्पीकर चालू केला. "अभिनंदन! तुमच्या कॅटलॉगनुसार भारत १८७९ सालीच स्वतंत्र झाला होता. कार्डावर स्वतंत्र भारताचं तिकीट छापलंय आणि तारीख व्हिक्टोरिया राणीची. हा बनावट माल आहे, आणि बनवणाऱ्याला हिशेबही येत नाही. शुक्रवारच्या आत मागे घ्या, नाहीतर मी इथून पुढे तुमच्या पेढीच्या मालावर सही करणार नाही."

डॉक्टर फिंकची सही नाही म्हणजे पेढी बंद. हेर वेंडेलनी फोन ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "शुक्रवारी माल पाहायला गिऱ्हाइकं येतील. तोपर्यंत समजावून सांगता आलं तर सांगा. नाहीतर कार्ड मागे घेऊ आणि तुम्ही... आल्झो, म्हणजे, किलोवारं आहेच." जूनअखेरीनंतर किलोवारंही नव्हतं, ते आम्हा दोघांना माहीत होतं.

घरी आले. जेवण जाईना. कार्ड खोटं असणं शक्य नाही. अशी भाषा कुठला लबाड लिहील? "तिथेच आंघोळ कर" हे पैशासाठी कुणाला सुचणार? पण मी सातवी, समोर डॉक्टर. यजमान गुडघ्याला तेल चोळत बसले होते. ते कधीही मालवणीच बोलतात, फ्रँकफर्टच्या महापौरांशीही बोलतील. म्हणाले, "गो, वटपौर्णिमा कधी आसा ता तरी बघ. फणस मिळता काय बघूक व्हयो."

बांद्याची बहीण दर वर्षी दिनदर्शिका पाठवते, ती फ्रीजशेजारी टांगलेली असते. जूनचं पान उलटलं. वर बारीक अक्षरात छापलं होतं : शके १९४७.

मी तिथंच खाली बसले.

लग्नपत्रिकेत शके, सत्यनारायणाच्या संकल्पात शके, आणि पोरीच्या बारशाला भटजींनी दहा वेळा म्हटलेलं शके. सगळं ठाऊक असून मी शके शब्द वाचला आणि आकडा इंग्रजी सालाचा म्हणून उतरवून दिला! जे दिसतं तेच लिहायचं म्हणे. अठ्ठ्याहत्तर मिळवायचे होते, बाई. एकोणऐंशी अधिक अठ्ठ्याहत्तर, एकशे सत्तावन्न. एकोणीसशे सत्तावन्न. नाकेबंदीच्या ऐन मध्यावर.

"अहो, आपल्या घरात एकोणीसशे सत्तेचाळीस चालू आहे!" मी ओरडले.

यजमान शांतपणे म्हणाले, "मगे दोन म्हयन्यानी इंग्रज जातले."

आमची मुलगी खोलीतून बाहेर आली, मी जमिनीवर हसतेय आणि रडतेय हे बघून जर्मनमध्ये म्हणाली, "मामा," म्हणजे आई, "ॲम्ब्युलन्स?"

शुक्रवारी सकाळी मी दिनदर्शिका भिंतीवरून काढली, गुंडाळून पिशवीत घातली आणि एस-बान लोकलमध्ये मांडीवर बाळासारखी धरून बसले.

माल पाहण्याचा दिवस म्हणजे आमच्याकडे वाचनालयासारखी शांतता असते. लांब टेबलं, दिवे, भिंगं, चाळीस वाकलेली डोकी. डॉक्टर फिंक कॅटलॉग घेऊन आले, १८७९ भोवती लाल गोल काढलेला. शेजारी एक नवीन गृहस्थ होते, पोर्तुगीज, सेन्योर दुआर्त. माइन्झला असतात, वय ऐंशीच्या आसपास, केस रेशमासारखे पांढरे. त्यांचा तर वेगळाच आक्षेप. "माझे वडील त्या नाक्यावर अधिकारी होते. माझं बालपण तिथं गेलं. आमच्या नाक्यावरून मुंगीसुद्धा परवानगीशिवाय सुटत नसे. हे कार्ड चोरून गेलेलं असूच शकत नाही."

म्हणजे एकाचं म्हणणं साल खोटं, दुसऱ्याचं म्हणणं चोरी खोटी.  मी दिनदर्शिका उघडून टेबलावर पसरली. वर गणपती, खाली तांदळाची जाहिरात आणि बहिणीनं गॅस सिलिंडरवाल्याचा लिहिलेला नंबर.

"हेर डॉक्टर, ही या वर्षीची. हे साल वाचा. आमचे आकडे तुम्हाला येतात."

त्यांना येतात, तिकिटांवरून शिकलेत. त्यांनी भिंग लावलं. "एक... नऊ... चार... सात. एकोणीसशे सत्तेचाळीस. ही जुनी आहे."

"नाइन, नाही. त्याच्या शेजारी इंग्रजी साल बघा."

त्यांनी भिंग शेजारच्या सालावर सरकवलं आणि परत आणलं. मग डॉक्टर फिंक अगदी हळू म्हणाले, "तुमच्या स्वयंपाकघरात आत्ता एकोणीसशे सत्तेचाळीस आहे?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून कार्डावर १८७९. अठ्ठ्याहत्तर मिळवा. चूक कार्डाची नाही, लिहिणाऱ्याचीही नाही. माझी आहे. मी मिळवायला विसरले."

त्यांनी कार्ड उचललं, आपला खास दिवा मागवला, पुसट शिक्क्यावर तिरका उजेड पाडला आणि तीनही भिंगं एकामागून एक लावली. पाच मिनिटं गेली असतील. मला ती पाच तासांची वाटली. "सात," ते म्हणाले. "सातचा आकडा आहे. त्याआधी बहुतेक पाच." आणि माझ्याकडे बघून मान लववली. एवढीशीच, पण त्या मानेला ती सवय नव्हती.

सेन्योर मात्र मागे हटेनात. "साल असेल. पण नाक्यावरून कसं आलं?"

आता मला जरा जोर आला होता. "सेन्योर, तुमच्या वडिलांच्या शिपायांनी गवताचे भारे सोडून बघितले असतील?"

"गवताचे? कशाला? गवत नेणाऱ्या बायका होत्या."

"आमच्या वाडीतल्या बायका. जाताना भाऱ्यात कांदे, येताना भाऱ्यात काय काय. माझी आई सांगायची, एकीनं तर भाऱ्यातून शिवणयंत्राचं चाक आणलं होतं."

"अशक्य."

"बरं. मला एवढंच सांगा. सगळं बंद होतं तेव्हा तुमच्या घरी जेवणात कांदा असायचा?"

 सेन्योरच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं. "असायचा," ते म्हणाले. "रोज असायचा. मागच्या दाराशी एक बाई यायची. माझी आई म्हणायची, पप्पांना सांगू नकोस." आणि ऐंशी वर्षांचा तो माणूस खांदे हलवत असा हसायला लागला, की सगळ्या टेबलांवरची डोकी वर झाली.

मग ते म्हणाले, "कार्डावर लिहिलंय काय?"

मी जर्मनमध्ये सांगितलं. आई गेली. येऊ नको. तिथेच आंघोळ कर. मग कोपऱ्याचं सांगितलं, उंबऱ्याबाहेर वाचायचं सांगितलं, आणि हेही, की हे फाडून टाकायला हवं होतं. त्या बाईच्यानं ते फाडवलं नसणार. आई शेवटची दिसली नाही, दिवसांना जाता आलं नाही, हाती आलं ते एवढंच. माझी आई गेली तेव्हा मीही इथंच आंघोळ केली होती, पण ते मी तिथं बोलले नाही. माझी वाट कुणी अडवली नव्हती, फक्त विमानाचं तिकीट मिळालं नव्हतं.

सेन्योरनी कार्ड खाली ठेवलं. "आणि आता ज्यांनी ऐकलं त्यांनी काय करायचं?"

"आंघोळ. पण हात धुतले तरी चालेल," मी आपलं सुचेल ते म्हटलं.

ते उठले आणि मोरीकडे गेले. त्यांच्यामागे हेर वेंडेल. त्यांच्यामागे, इकडेतिकडे बघत, डॉक्टर फिंक. मग जे जे ऐकत होते ते सगळे, ऱ्होडेशियावाले आजोबासुद्धा. अकरा जर्मन-बिगरजर्मन म्हातारे ओळीनं हात धुवायला उभे राहिलेले मी डोळ्यांनी पाहिले. टॉवेल एकच होता, तो मीच धरला.

लिलावात कार्ड सेन्योरनी घेतलं. फोनवरून कुणीतरी जोरात बोली चढवत होतं, पण त्यांनी हात वर धरला तो खाली घेतलाच नाही. पावतीवर सही करताना मला म्हणाले, "माझ्या वडिलांच्या हातून निसटलं होतं. मी आज जप्त केलं."

जुलैपासून मी टेबलावर कायम आहे. करार मी दोन दिवस वाचला, कुठं फसवणूक आहे का म्हणून. नव्हती. कायम झाल्यावर पहिलं काम आणलं ते डॉक्टर फिंकनी. एका सकाळी बुटांचा खोका घेऊन आले. आत शंभरेक मराठी कार्डं, सगळ्यांचे कोपरे गेलेले. तीस वर्षं ते 'एके फेल्ट' म्हणून स्वस्तात घेऊन बाजूला टाकत आले होते. आवाज खाली आणून म्हणाले, "ही सगळी माणसं... मला माहीत नव्हतं. तुम्ही वाचाल?" मी म्हटलं, इथं नाही, बाहेर. त्यांनी स्वतः दोन खुर्च्या तीन मजले खाली अंगणात नेल्या. बो-टाय नीट केला. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी पहिलं कार्ड उचललं. वाचलं. पुन्हा वाचलं.

लिहिलं होतं, जावईबापू आले होते, तुझं लोणचं त्यांना फार आवडलं, बरणी परत पाठवत नाही कारण फुटली.

डॉक्टर फिंक श्वास रोखून बघत होते. "फ्राऊ गवस," ते कुजबुजले, "कोण गेलं?"

खरं सांगते, मोह झाला. त्या चेहऱ्यासाठी कुणालाही मारायला मी तयार होते. एक मावशी, निदान एक लांबची आत्या. वाचता येणारी अख्ख्या इमारतीत मी एकटी, कोण पडताळणार होतं? पण आता खाली सही माझी असणार होती.

मी कोपरा उजेडात धरला. कडेला बारीक बारीक दातांच्या खुणा होत्या.

"कुणी नाही, हेर डॉक्टर. उंदीर."

त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, भिंगातून पाहिलं, खिशातून पेन्सिल काढली आणि मागच्या बाजूला, अतिशय समाधानानं, लिहिलं : एके फेल्ट. मग टोपी डोक्यावर चढवली आणि म्हणाले, "पुढचं."